बंदीच्या दिवसांतला पाठ : घरातली खाऱ्या पाण्याची छोटी टाकी



1 जून ते 31 जुलै, मोजून 61 दिवस बंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला घेतलेली, इंजिनं उघडून ठेवलेली. संध्याकाळी पाऊस लागला की सोसायटीत गप्पांना माणसं जमतात. दरवर्षी या दिवसांत आपण एखादा विषय घेऊन तो नीट शिकतो. यंदाचा विषय पोरांनी दिला : घरात काचेच्या टाकीत समुद्राचा तुकडा कसा सांभाळायचा.

यामागे एक प्रसंग आहे. गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाचा मुलगा प्लास्टिकच्या बरणीत जिवंत घोडामासा घेऊन आला. जाळ्यात अडकलेला त्याने अलगद सोडवला होता. दुसऱ्या हातात खडकावरून उपटलेला पोवळ्याचा तुकडा. दोन्ही त्याला घरच्या टाकीत ठेवायचे होते. टाकी कालच आणलेली, पाणी आजच भरलेलं. दुसऱ्या दिवशी घोडामासा मेला. पोवळं तीन दिवसांत पांढरं पडलं आणि आठवड्याच्या आत घरभर वास सुटला. पोरगा रडकुंडीला आला. त्याला ओरडावं असं आम्हाला वाटलं नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम आमचं होतं.

म्हणून आम्ही सोसायटीच्या खोलीत एक टाकी मांडली. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा जमली. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे : टाकीत आपण मासे सांभाळत नाही, पाणी सांभाळतो. पाणी सांभाळलं की मासे आपोआप सांभाळले जातात.

1. आधी कायदा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 2001 मध्ये समुद्रातले बरेच जीव त्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. आपल्या कामाचे त्यातले हे :

– सगळे घोडेमासे
– दगडी सांगाडा बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, म्हणजे पोवळी
– काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे
– सगळ्या समुद्रकाकड्या

हे पकडणं, घरात ठेवणं, विकणं, सगळंच गुन्हा आहे. पोवळ्याचा मेलेला, वाळलेला सांगाडासुद्धा शोकेसमध्ये ठेवता येत नाही. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि वर दंड. "जाळ्यात आपोआप आलं" हे सांगून सुटका होत नाही. म्हणून जाळ्यात घोडामासा किंवा समुद्रपंखा आला तर तिथेच, जिवंत असतानाच पाण्यात सोडा. बरणी नको, खिसा नको, फोटोसाठी धक्क्यापर्यंत आणणंही नको.

मग पोवळ्याशिवाय टाकीला रीफ कसं म्हणायचं, असं पोरं विचारतात. रीफ म्हणजे नुसती पोवळी नव्हेत. दगडाच्या फटी, त्यातले किडे, शंख, गुलाबी चुनेरी शेवाळ, न दिसणारे जिवाणू, आणि त्या सगळ्यांच्या आधाराने राहणारे मासे, हे सगळं मिळून रीफ. हे सगळं टाकीत उभं करता येतं, आणि त्यासाठी समुद्रातला एक खडकही फोडावा लागत नाही.

2. टाकीत खरं काय चालतं

मासा खातो, घाण करतो. उरलेलं खाणं कुजतं. या दोन्हीतून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त अल्कधर्मी असतं, त्यामुळे तेवढाच अमोनिया खाऱ्या पाण्यात जास्त विषारी ठरतो. गोड्या पाण्याच्या टाकीत चालून जाणारी चूक इथे चालत नाही, ती यामुळे.

समुद्रात हे का घडत नाही? एक तर पाणी अफाट. दुसरं, प्रत्येक दगडावर, वाळूच्या प्रत्येक कणावर जिवाणूंचा थर असतो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि शेवाळ ते खातं.

नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. बरणीतला घोडामासा मेला तो इथे. पोराने खाणं घातलं होतं, पाणी स्वच्छ दिसत होतं, पण घाण उचलणारं त्यात कोणीच नव्हतं.

पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनिया डोळ्याला दिसत नाही.

3. टाकी किती मोठी

छोटी टाकी सोपी, असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. पाणी जितकं कमी तितका बिघाड लवकर. बांगडा मेला म्हणून दर्या नासत नाही, पण 20 लिटरच्या टाकीत एक मेलेला शंख रात्रभर राहिला तर सकाळी सगळं संपलेलं असतं.

आमची टाकी 24 इंच लांब, 12 इंच रुंद, 15 इंच उंच आहे. हिशोबाने ती सुमारे 70 लिटरची. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी 55 लिटर. पहिल्यांदा करणाऱ्याने याच्या खाली जाऊ नये. पैसे वाचवायचेच तर दिव्यात वाचवा, पाण्यात वाचवू नका.

55 लिटर पाणी म्हणजे 55 किलो, वर दगड आणि काच. डुगडुगणाऱ्या टेबलावर ठेवू नका. खिडकीतलं थेट ऊनही नको, पाणी तापतं आणि हिरवं शेवाळ माजतं.

4. दगड : हे काम बंदीतच करा

जांभा वापरू नका. तो लोहाने भरलेला आणि भुसभुशीत असतो. किनाऱ्यावरचे खडक फोडून आणू नका. त्यात प्रवाळ असलं तर कायदा आड येतो, नसलं तरी तिथल्या जिवांचं घर जातं.

आणखी एक धोका. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांवर ओहोटीला बटणांसारखे चिकट, मऊ जीव दिसतात. त्यांच्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. असा दगड "निर्जंतुक" करायला कोणी घरात उकळला, तर वाफेतून ते विष फुप्फुसात जातं. परदेशात अशा दगडांमुळे आख्खी घरं इस्पितळात गेलेली आहेत. म्हणून समुद्रातला दगड कधीही उकळू नका.

मग दगड कुठून आणायचा? घरीच बनवायचा. सामान आपल्याकडे आहेच :

– 1 भाग पांढरं सिमेंट
– 2 भाग शिंपल्यांचा चुरा. जेवणातल्या तिसऱ्या, खुबे, कालवं यांची टरफलं उकळून, वाळवून, जाडसर कुटायची.
– 2 भाग मिठागराचं खडे मीठ

हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडी जाळतं. सगळं कोरडं मिसळून थोडंच पाणी घाला, मूठ वळली की पुरे. ओल्या वाळूत खड्डा करून त्यात हे भरा. बोटाने आरपार भोकं पाडा, माशांना ती लपायला होतात. दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा, मग आठवडाभर तसंच घट्ट होऊ द्या.

त्यानंतर दगड धुवायचे. मीठ विरघळून जातं आणि दगड आतून जाळीदार होतो. ती जाळी म्हणजे जिवाणूंची वस्ती. पण सिमेंटचा क्षार निघून जायला 6 ते 8 आठवडे लागतात. आम्ही दगड पिंपात घालून पिंप पागोळ्यांखाली ठेवलं. आषाढ-श्रावणाचा पाऊस रात्रंदिवस फुकट पाणी बदलत राहिला. शेवटी दगड साध्या पाण्याच्या बादलीत दोन दिवस ठेवून पीएच मोजायचा. 8.5 च्या खाली आला आणि खालीच राहिला, की दगड तयार. आम्ही पहिल्या वेळी फसलो ते इथेच. तीन आठवड्यांत दगड टाकीत घातले, पीएच 9 च्या वर गेला आणि सगळे शंख मेले. घाई आमची, जीव त्यांचे गेले.

5. पाणी कुठलं

किनाऱ्यावर राहतो, पाण्याला काय तोटा, असं वाटेल. पण दर्याचं पाणी वर्षभर सारखं नसतं हे आपल्याइतकं कोणाला माहीत?

उघड्या समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण 35 ग्रॅम खारं असतं. घनतेच्या काट्यावर ते 1.026 दिसतं. टाकीत 1.024 ते 1.026 ठेवायचं. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी भरून वाहतात तेव्हा मुखाजवळचं वरचं पाणी मचूळ होतं. चवीला खारट लागतं, पण टाकीला उपयोगाचं नसतं. शिवाय गढूळ.

म्हणून पाणी भरायचं ते पाऊस पूर्ण गेल्यावर. होडीने बाहेर, बंदरापासून आणि डिझेलच्या तवंगापासून दूर, भरतीच्या वेळी. फेब्रुवारी ते मे या काळात कधी कधी पाण्यावर लाकडाच्या भुशासारखी तांबूस-पिवळी साय पसरते. ती सूक्ष्म जिवांची असते. त्या दिवसांत पाणी घेऊ नका. रात्री पाणी जरा जास्तच चमकत असेल तेव्हाही नको. आणलेलं पाणी फडक्यातून गाळून, झाकून, अंधारात दोन आठवडे ठेवा, मग वापरा.

दुसरा मार्ग म्हणजे टाकीसाठीचं तयार मीठ आणून आरओच्या पाण्यात मिसळणं. लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम, मग काट्याने मोजून कमी-जास्त. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते नको.

इथे हमखास प्रश्न येतो : पेडण्याच्या अगरवाड्याला मिठागरं आहेत, ते मीठ का नको? मिठागरात पाणी आटतं तेव्हा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं. मग मीठ पडतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम शेवटच्या कडू पाण्यात राहतं, आणि ते पाणी मिठागरवाले सोडून देतात. म्हणजे जेवणाचं मीठ हा दर्याचा एक भाग झाला, आख्खा दर्या नव्हे. शंख आणि चुनेरी शेवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं, तेच त्यात नसतं. मिठागराचं मीठ दगडाला भोकं पाडायला उत्तम, पाण्याला नाही.

6. वाट पाहायचे सहा आठवडे

दगड, तळाला दीड-दोन इंच शिंपल्यांचा चुरा किंवा विकतची चुनेरी वाळू, पाणी, पाणी फिरवणारा एक छोटा पंप. एवढं झालं की टाकीत एक कोळंबी, आपलं सुंगट, टाका. जिवंत नव्हे, बाजारातलं. ते कुजू द्या. त्याचा अमोनिया हे जिवाणूंचं पहिलं खाणं. कोणाची जुनी चालती टाकी असेल तर तिच्यातला मूठभर स्पंज किंवा वाळू आणून घातली की काम लवकर होतं. पण ती टाकी रोगमुक्त असली पाहिजे.

दर तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल. मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. मग तेही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, सलग आठवडाभर, मगच पहिला जीव. मध्ये दगडांवर तपकिरी साय येईल, ती घासत बसू नका, जाईल.

आमच्यातले जुने तांडेल म्हणतात, जाळं टाकल्याबरोबर ओढणारा उपाशी राहतो. इथेही तसंच.

7. कोण राहणार

आधी झाडलोट करणारे : चार-पाच छोटे शंख आणि तीन-चार लहान शंखातले खेकडे. खेकड्यांना बदलायला मोकळे शंख ठेवा, नाहीतर ते शंख मिळवायला गोगलगायी मारतात. ओहोटीच्या डबक्यातून काही घ्यायचं तर ओळख पटल्याशिवाय घेऊ नका. मालवणसारख्या राखीव सागरी क्षेत्रातून तर काहीच नाही.

दोन आठवड्यांनी मासे. 55 लिटरला दोन क्लाउनफिश आणि एखादा छोटा तळाचा मासा, बस. पोरं ज्याला निमो म्हणतात तो हाच. तो बंदिस्त टाकीत जन्मलेलाच घ्या. त्याची पिल्लं वाढवायचं तंत्र आपल्या सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेने बसवलेलं आहे, त्यामुळे दर्यातून पकडलेला घ्यायचं कारणच उरत नाही. टाकीत जन्मलेला मासा गोळीचं खाणं खातो आणि टिकतो. या जातीची एक गंमत : सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला मोठा मादी होतो, आणि अंड्यांची राखण बाप करतो.

क्लाउनफिशला समुद्रफूल लागतंच असं नाही. समुद्रफूल पहिलं वर्षभर आणूच नका. ते फिरतं, पंपात अडकतं, मेलं तर सगळं पाणी घेऊन मरतं. लहान गोबरा किंवा तांबोशीचं पिल्लू टाकीत ठेवायचा मोह आवरा. ते वाढतात, आणि वाढताना बाकीच्यांना खातात.

नवा जीव पिशवीतून थेट ओतायचा नाही. टाकीचं पाणी नळीने थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात तासभर मिसळू द्या. मग जीव जाळीने उचलून सोडा, पिशवीचं पाणी फेकून द्या.

8. रोजचं आणि आठवड्याचं काम

भर घालणं. पाणी वाफ होऊन जातं, मीठ जात नाही. आमच्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला जवळपास लिटरभर पाणी उडतं. पाच दिवस लक्ष दिलं नाही तर 55 चं 50 लिटर होतं आणि खारटपणा 35 वरून 38.5 वर जातो. म्हणून रोज, खुणेपर्यंत, गोडं आरओचं पाणी घालायचं. खारं नाही. नव्या माणसांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

खाणं. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासा नेहमी भुकेला दिसतो, त्याच्या तोंडाकडे बघून घालू नका.

पाणी बदलणं. आठवड्याला 5 लिटर. नवं पाणी आदल्या दिवशी तयार करून, खारटपणा आणि ऊन-गार जुळवून. पण याच्यावर फार भरवसा ठेवू नका. नायट्रेट 20 असेल तर एका बदलाने ते 18 होतं, एवढंच. घाण काढण्यापेक्षा घाण कमी घालणं सोपं.

मोजणं. आठवड्याला खारटपणा, तापमान, पीएच, नायट्रेट. पीएच 8.1 ते 8.4 मध्ये हवा. आकडा वहीत तारखेसह. बिघाड वहीत आधी दिसतो, टाकीत नंतर.

9. उष्णता आणि वीज

टाकीला 25 ते 27 अंश बरं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच 32-33 होते. पाण्यावर तिरका पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतं, मात्र हवा दमट असली की कमी, आणि पाणी जास्त उडतं. त्यामुळे भर घालणं वाढवा. दिवा दिवसाला आठ तास पुरे.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीज गेली की पंप थांबतो आणि रात्रीत मासे गुदमरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. यातलं काही आपल्याला नवं नाही. पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला खालचं कमी प्राणवायूचं पाणी वर येतं, दोना पावलाच्या एनआयओच्या शास्त्रज्ञांनी ते वर्षानुवर्षं मोजलेलं आहे. मोठ्या दर्यात जे होतं तेच टाकीत एका रात्रीत होतं.

खारं पाणी आणि वीज एकत्र आहे, हेही विसरू नका. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली पडेल. झटका लागला की लाइन तोडणारा स्विच बसवून घ्या. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढा.

10. घरातली विषं

तांबं. माशाला थोडं सोसतं, पण शंख, खेकडे, कोळंबी यांना तांबं विषच. होडीच्या बुडाला लावतो त्या रंगात तांबंच असतं, शिंपले चिकटू नयेत म्हणून. त्या रंगाची बादली, ब्रश, हातमोजे टाकीजवळ आणू नका. पितळेचा नळ, नाणंही पाण्यात नको.

डासांचा धूर. आम्ही एका रात्री टाकीच्या खोलीत कॉइल लावली. हवेचा पंप ती हवा ओढून पाण्यात सोडत राहिला. सकाळी सगळ्या कोळंब्या आडव्या. डासांचं औषध माशांना आणि कोळंबीला फार थोड्या मात्रेतही मारतं. टाकीच्या खोलीत कॉइल नाही, फवारा नाही.

हात. साबण, डिझेल, मलम. कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुऊनच टाकीत हात.

11. पोवळं असं का पांढरं पडतं

पोवळं म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालाचे कण राहतात. ते उन्हावर अन्न बनवतात आणि प्राण्याला देतात. त्या बळावर प्राणी पाण्यातला चुना ओढून खाली दगड बांधतो. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्राणी ते कण बाहेर टाकतो. रंग जातो, अन्न तुटतं, तो उपाशी मरतो. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हे मोठ्या प्रमाणात झालं. पोराच्या बरणीत ते तीन दिवसांत झालं.

परदेशातले टाकीवाले पोवळ्यांना चुना पुरवायला चुन्याची निवळीच वापरतात. शुद्ध चुना लिटरमागे दीड ग्रॅम, वरचं नितळ पाणी, रात्री थेंब थेंब, तेही उडालेल्या पाण्याच्या बदली. ती फार तीव्र असते, एकदम ओतली तर टाकी मरते. आपल्या शंख-शेवाळाच्या टाकीला तिची गरज नाही, आठवड्याचा पाणीबदल पुरतो. पण यावरून एक समजतं : एका वितीच्या पोवळ्याला लागणारा चुना, ऊन, थंडावा, वाहतं पाणी जमवायला माणसाला यंत्रं लागतात. ग्रांदे बेटाच्या कडेला, मालवणला, विजयदुर्गासमोर दूर आंग्रिया बँकेवर दर्या हे सगळं फुकट करतो, आणि त्या फटींत आपल्या गोबऱ्याची, तांबोशीची पिल्लं लपून मोठी होतात. तिथला तुकडा उपटला तर टाकीत तो जगत नाही आणि तिथली फट कायमची जाते.

1961 साली जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी आपली पद्धत एका मासिकात लिहिली : समुद्राचं पाणी, जिवांनी भरलेला दगड, हवेचे बुडबुडे, बाकी काही नाही. यंत्रांवर भर असलेल्या त्या काळात त्यांनी काम दगडातल्या जिवांवर सोपवलं. आजच्या टाक्या त्याच विचारावर चालतात. ते किनाऱ्यावरचे होते, दर्याकडे बघून शिकले. आपल्यालाही ते जमेल.

12. नको झाली तर

टाकी बंद करायची झाली तर जीव दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. खाडीत, दर्यात सोडू नका, पाणीसुद्धा ओतू नका. बाहेरून आलेला एक जीव काय करतो ते केरळच्या अष्टमुडी कायलात बघा. तिथे परदेशी शिंपल्याने जागा व्यापली आणि तिथल्या कालवं-तिसऱ्या काढणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. आपल्या तिसऱ्यांवर तशी वेळ यायला नको.

वर्षाचं वेळापत्रक

जून-जुलै : दगड बनवा, पागोळ्यांखाली धुवा.
ऑगस्ट-सप्टेंबर : टाकी, स्टँड, पंप, किट जमवा. दगडाचा पीएच मोजा.
ऑक्टोबरअखेर : पाऊस गेल्यावर पाणी आणा, दोन आठवडे ठेवा.
नोव्हेंबर-डिसेंबर : टाकी भरा, सुंगट टाका, मोजत राहा.
जानेवारी : शंख आणि खेकडे, मग मासे.

म्हणजे आज सुरुवात केलीत तर पहिला मासा सात महिन्यांनी. हे ऐकून ज्याला कंटाळा आला त्याने टाकी घेऊ नये, यात कमीपणा काही नाही. ज्याला चालेल त्याने शनिवारी संध्याकाळी सोसायटीत यावं. सिमेंट आम्ही आणतो, तुम्ही घरची शिंपल्यांची टरफलं घेऊन या.

बरणीवाला पोरगा यंदा पहिला हजर आहे. दगड कुटायला तोच बसतो. मे महिन्यात, बंदी लागायच्या आधी, बापाच्या जाळ्यात पुन्हा एक घोडामासा आला होता. त्याने तो ओंजळीत घेतला आणि होडीच्या कडेवरून खाली सोडला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "त्याचं पाणी तिथेच आहे."